पोट भरते, पण पोसते का?

पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते. मुरबाड-शहापूरचे शेतकरी तर येतातच, घाटावरूनही माणसे जनावरे घेऊन उतरतात. बैलबाजारात गिऱ्हाईक काय बघते? दात बघते, खूर बघते, वशिंडावर हात फिरवते, चार पावले चालवून बघते. भाव ठरतो, बैल नव्या दावणीला जातो. पण "याला वर्षभर काय घातले?" असे विचारणारा गिऱ्हाईक मी तरी फार बघितला नाही.

आता हाच बैल जूनच्या पहिल्या आठवड्यात बघा. बरगड्या मोजून घ्याव्यात. माकडहाड वर आलेले. पाऊस पडला, चिखलणीला जुंपायचा, तर दोन तासांत तोंडाला फेस. म्हैस असेल तर ती केव्हाच आटलेली, आणि माजावर येण्याचे नाव नाही. मालकाला विचारले तर तो म्हणतो, "साहेब, पेंढा तर पोटभर घालतो." तो खोटे बोलत नाही. उडवीतला पेंढा संपत आलेला दिसतो, म्हणजे जनावराच्या पोटात गेलाच आहे. मग जनावर वाळले का?

पोट भरणे वेगळे आणि पोसणे वेगळे, हे त्याचे उत्तर. गव्हाणीत किती टाकले याने जनावर पोसत नाही. पोटात गेलेल्यापैकी पचले किती, यावर सगळे अवलंबून. शास्त्रज्ञ त्याला चाऱ्याची पचनीयता म्हणतात. सिद्धगडापासून माहुलीपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात वैरणीचा जो प्रश्न आहे, तो जितका कमी वैरणीचा आहे, तितकाच न पचणाऱ्या वैरणीचा आहे. आणि यातला बराचसा तोटा पैशाअभावी होत नाही, चुकलेल्या तारखांमुळे होतो. ते कसे, ते सांगतो.

पचनीयता म्हणजे काय?

हिशोब सोपा आहे. जनावराला आठवडाभर मोजून चारा घालायचा आणि तितकेच दिवस शेण मोजायचे. दोन्ही वाळवून तोलायचे. जे आत गेले आणि शेणावाटे बाहेर आले नाही, ते पचले. जर्मनीत गटिंगेनजवळच्या वेंडे या गावी हेनेबर्ग आणि श्टोमान या दोघांनी १८६० च्या सुमारास बैलांवर असे प्रयोग केले. आजही चाऱ्याची परीक्षा मुळात याच पद्धतीवर उभी आहे. पुढे १९६३ मध्ये इंग्लंडात टिली आणि टेरी यांनी जनावराच्या पोटातला रस काचेच्या नळीत घेऊन त्यात चाऱ्याची पूड पचवून बघायची रीत काढली. त्यामुळे मूठभर नमुन्यावरूनही चारा कसा आहे ते कळू लागले.

आता आपल्या गोठ्यातला हिशोब करू. ३०० किलो वजनाची गावठी गाय दिवसाला साधारण ६ किलो भाताचा पेंढा खाते. या पेंढ्याची पचनीयता ४० ते ४५ टक्के. म्हणजे अडीच ते पावणेतीन किलो अंगी लागले, बाकी सव्वातीन ते साडेतीन किलो शेण झाले. अर्ध्याहून अधिक वैरण आपण गाईच्या तोंडातून उकिरड्यावर नेऊन टाकतो. उकिरड्याचे खत होते हे खरे, पण खतासाठी पेंढा गाईच्या पोटातून न्यायची गरज नाही.

आणि जे पचते तेही गाय स्वतः पचवत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराचे पहिले मोठे पोट, ज्याला कोठीपोट म्हणतात, ते एक आंबवणाचे पिंप आहे. त्यात कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात. काडीकचरा फोडण्याचे काम ते करतात. ते जंतू जगले, वाढले, तर गाय जगते. या जंतूंना खायला नत्र लागते, म्हणजे प्रथिने लागतात. एकूण चाऱ्यात ७ टक्क्यांच्या खाली प्रथिने गेली की जंतू उपाशी राहतात, त्यांचे काम मंदावते, पेंढा पोटात पडून राहतो. पोट गच्च, म्हणून जनावर जास्त खात नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, पोट भरले आहे. भरलेच आहे, पण आत उपासमार आहे.

भाताच्या पेंढ्याचा स्वभाव

सगळे काड सारखे नसते. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३ ते ४ टक्के, आणि त्यातली पचणारी जवळजवळ शून्य. वर सिलिका, म्हणजे वाळूचाच अंश, १२ ते १६ टक्के. विळ्याची धार भात कापताना लवकर जाते ती याच सिलिकेमुळे. तंतूंना लिग्निन नावाच्या पदार्थाचे जणू सिमेंट बसलेले असते. जंतू त्याच्या आत शिरू शकत नाहीत. शिवाय पेंढ्यातले ऑक्झलेट खाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शियम, बांधून ठेवते. आपल्या तांबड्या जमिनीत स्फुरद मुळात कमी, ते गवतातही कमीच उतरते. म्हणून आपली ढोरे चिंध्या चघळतात, हाडके चावतात. पोरे दगड मारून हाकलतात. खरे तर ते जनावर आपल्याला काय कमी आहे तेच सांगत असते.

एक गोष्ट मात्र फार जणांना माहीत नाही. ज्वारीचा पाला ताटापेक्षा चांगला पचतो, भाताचे उलटे आहे. भाताच्या पातीत सिलिका जास्त म्हणून पात कमी पचते, आणि काडी तिच्यापेक्षा बरी पचते. पेंढा निवडून टाकणारी म्हैस वाया घालवते म्हणून आपण तिला शिव्या देतो, पण तिला आपल्यापेक्षा जास्त कळत असते.

असा पेंढा फेब्रुवारीपासून मेपर्यंत एकटाच घातला तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? गाईचे दूध आटणार, बैल वाळणार, कालवडीला माज उशिरा येणार. मग आपण डॉक्टरांकडे इंजेक्शन मागतो. रोग नाही, उपाशी आहे ती.

उपाय जुना आहे

पेंढा सुधारायचा उपाय आजचा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत वैरणीचा तुटवडा पडला, तेव्हा बेकमन या शास्त्रज्ञाने कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काड भिजवून मऊ करायची रीत काढली. सोडा महाग आणि हाताळायला धोक्याचा. पुढे युरिया आला आणि काम सोपे झाले. युरिया ओलाव्यात फुटतो, त्याचा अमोनिया वायू होतो. तो काडात शिरून लिग्निनची पकड सैल करतो आणि नत्रही देतो. म्हणजे जंतूंना आत शिरायला वाट मिळते आणि शिदोरीही मिळते. प्रथिनांचे प्रमाण ३-४ टक्क्यांवरून ७-८ पर्यंत जाते. पचनीयता सुमारे ४५ वरून ५५ टक्क्यांच्या आसपास येते. मऊ झाल्यामुळे जनावर खातेही जास्त. त्याच ३०० किलोच्या गाईने ७ किलो खाल्ला आणि ५५ टक्के पचला, तर पावणेचार किलोंहून अधिक अंगी लागते. रोज किलोभर जास्त, तेही त्याच शेतातल्या पेंढ्यातून.

रीत अशी. १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया आणि सुमारे ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. कोरड्या, कठीण जागेवर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर पेंढ्याचा वीतभर थर टाकावा, झारीने पाणी सगळीकडे सारखे शिंपडावे, पायाने दाबावे. असे थरावर थर. शेवटी प्लॅस्टिकने हवाबंद झाकून कडेला माती किंवा दगड दाबावेत. उन्हाळ्यात २१ दिवस, थंडीत ४ आठवडे उघडू नये. नंतर एका बाजूने लागेल तेवढाच काढावा, उग्र वास जाईपर्यंत काही तास उघड्यावर पसरावा आणि मग घालावा. पहिला आठवडा साध्या पेंढ्यात थोडा थोडा मिसळून सवय लावावी. पिवळसर, मऊ आणि उग्र वासाचा पेंढा चांगला. काळा पडला, बुरसला तर तो जनावराला घालू नये.

धोकाही सांगितला पाहिजे. युरिया हे विष होऊ शकते. युरियाचे पाणी बादलीत उघडे ठेवून माणूस जेवायला गेला आणि म्हशीने तोंड घातले, तर पोट फुगून, थरथरून जनावर तासाभरात दगावू शकते. म्हणून कालवलेले पाणी त्याच वेळी संपवायचे, रिकामी बादली धुवायची, गोणी गोठ्यात ठेवायची नाही. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना, घोड्या-गाढवांना हा पेंढा द्यायचा नाही. प्रमाण अंदाजाने नाही, तागडीने. "थोडा जास्त टाकला तर जास्त गुण येईल" हा विचार इथे जीव घेणारा आहे.

खर्च किती? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्या हिशोबाने क्विंटलभर पेंढ्याला युरिया २४ रुपयांच्या आत. प्लॅस्टिक जपून वापरले तर दोन-तीन हंगाम चालते.

मग पसरला का नाही?

इतका स्वस्त आणि गुणाचा उपाय, मग गावोगाव का दिसत नाही? याचा विचार आमच्या खात्यातल्या लोकांनी आधी केला पाहिजे. शेतकरी अडाणी आहे, ऐकत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मीही पूर्वी तसेच म्हणत असे.

काही वर्षांपूर्वी सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या एका वाडीत मी पेंढा-प्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठेवले. महिना एप्रिल. कारण प्रात्यक्षिके मार्चअखेर व्हायची होती आणि ती मागे पडली होती. माणसे जमली, मी पाट्या लावल्या, आकडे सांगितले. मग म्हणालो, ५० लिटर पाणी आणा. कोणी हलेना. एक म्हातारी बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, दोन हंड्यांसाठी सून पहाटं डवऱ्यावर जातं. मानसांना पानी नाय, आन् तुमी पेंढ्याला पाजताय?" मला काही बोलता आले नाही. गावच्या शाळेजवळच्या टाकीतून दोन कळशा आणून आम्ही जेमतेम पन्नास किलोंचा ढीग भिजवला, फोटो काढला, परत आलो. तो ढीग पुढे कोणी उघडला, कोणी घातला, याची मी चौकशीही केली नाही. चूक माझी होती, त्या आजींची नव्हती.

भातसा, तानसा, वैतरणा ही धरणे शहापूर तालुक्याच्या अंगणात. पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकर येतो. अशा मुलखात एप्रिल-मेमध्ये पेंढा भिजवायला सांगणे म्हणजे वरातीमागून घोडे.

हा अनुभव माझ्या एकट्याचा नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि हॉलंडमधले वाखेनिंगेन विद्यापीठ यांनी मिळून काडाच्या वापरावर बरीच वर्षे एकत्र काम केले. बायोकॉन या नावाने तो प्रकल्प ओळखला जातो. त्यातून निघालेले काड खाऊ घालण्याच्या पद्धतींवरचे मार्गदर्शक पुस्तक १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कामाचा निष्कर्ष मोलाचा आहे. प्रक्रियेने पेंढा सुधारतो, यात शंका नाही. पण ती सगळ्यांना परवडत नाही. जिथे पेंढा भरपूर, हिरवा चारा नाही, पाणी आणि माणूसबळ हाताशी आहे, दूध विकले जाते आणि जनावर मध्यम दुधाचे आहे, तिथेच ती फायद्याची. भाकड गाईसाठी किंवा पावसाळ्यात डोंगरावर चरणाऱ्या जनावरांसाठी हा खटाटोप नको. शास्त्र बरोबर होते. कोणाला, कुठे आणि केव्हा, हे विचारायचे राहिले होते.

म्हणून पहिली सूचना: ज्यांच्याकडे दुभती म्हैस किंवा कामाची बैलजोडी आहे त्यांनी पेंढा मुरवायचाच, पण तो डिसेंबर-जानेवारीत. झोडणी झालेली असते, पेंढा ताजा असतो, विहिरीला आणि ओढ्याला पाणी असते. एका जनावराला ९० दिवसांना साधारण ६ क्विंटल पेंढा, म्हणजे ३०० लिटर पाणी. जानेवारीत ३०० लिटर अवघड नाही, मेमध्ये अशक्य आहे. हवाबंद झाकलेला ढीग टिकतो. मार्चपासून एका बाजूने काढत पाऊस पडेपर्यंत घाला.

खायचे गवत लवकर, विकायचे उशिरा

पण पेंढा मुरवण्याच्याही आधी एक गोष्ट आहे, आणि तिला ना युरिया लागतो ना प्लॅस्टिक. ती म्हणजे डोंगरउतारावरचे आणि वरकस जमिनीतले गवत.

आपल्याकडे मारवेल, पवन्या यांसारखी चांगली गवते आहेत. सप्टेंबरअखेर ती फुलोऱ्यावर येतात. तेव्हा कापून वाळवली तर त्यात ६ ते ८ टक्के प्रथिने असतात. म्हणजे युरियाने मुरवलेल्या पेंढ्याइतकीच, तीही निसर्गाने फुकट दिलेली. तेच गवत दिवाळीनंतर, बी झडून, सोनेरी होऊन वाळले की प्रथिने २-३ टक्क्यांवर येतात आणि लिग्निन वाढते. कुसळी गवताची तर तोवर टोकदार कुसळे होतात आणि जनावराच्या जिभेला, हिरडीला टोचतात. दिसायला भारा तेवढाच, किंबहुना मोठा. पण पोसणारा भाग गेलेला.

आपण गवत केव्हा कापतो? भात कापून, झोडून, घरात आणून झाल्यावर, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात. त्याला कारण आहे. दसऱ्याच्या सुमारास हळवे भात कापणीला येते, माणूस मिळत नाही, आणि पावसाचाही भरवसा नसतो. हातातोंडाशी आलेले भात सोडून गवत कापा, असे मी म्हणणार नाही. शिवाय मुंबई, कल्याण, भिवंडीकडच्या तबेल्यांना वाळके गवत लागते, व्यापारी ते वजनावर घेतो. त्याला त्यात प्रथिने किती याच्याशी घेणे नसते.

तेव्हा तोड अशी. जे विकायचे आहे ते गवत खुशाल उशिरा कापा. पण जे आपल्या दावणीला खायला लागणार आहे, तेवढाच तुकडा वेगळा राखा आणि फुलोऱ्यात कापा. एक दुभती म्हैस असेल तर उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांत रोज दोन किलो चांगले गवत पेंढ्याबरोबर मिळाले तरी कोठीपोटातले जंतू जागे राहतात. म्हणजे दोन क्विंटल वाळके गवत. दोन-तीन माणसांचे दोन-तीन दिवसांचे काम. पाऊस माघारी गेला की ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, हळव्या आणि गरव्या भाताच्या कापणीच्या मधल्या खिडकीत हे बसते. कापल्यावर दोन दिवस उलटसुलट करून वाळवावे, पण हिरवा रंग जाईल इतके उन्हात जाळू नये. हिरवट, गोडसर वासाचे वाळके गवत ही उत्तम वैरण. ओले मात्र रचू नका, आतून तापते आणि बुरसते.

अभयारण्याच्या हद्दीत गवताचा प्रश्न असेल तर विळा नेण्याआधी वनखात्याचा नियम विचारून घ्यावा. भीमाशंकर अभयारण्य १९८५ पासून आहे आणि सिद्धगडाचा मुलूख त्यात येतो, हे विसरून चालणार नाही. आणि वणवा? फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री डोंगर पेटलेले दिसतात. कोणी विडी टाकतो, कोणी शिकारीसाठी लावतो, कोणी "नवे गवत चांगले फुटते" म्हणून लावतो. त्या एका रात्रीत गावाची वैरण जाते, आंब्या-जांभळाची रोपे जातात. राबासाठीही आपण शेण, पाला आणि गवत जाळतो. राब कमी करून गादीवाफ्यावर रोपे केली तर तेवढेच शेण खताला आणि तेवढीच वैरण दावणीला उरते.

छोट्या गोष्टी, मोठा गुण

पेंढ्याबरोबर रोज थोडे हिरवे, तेही शेंगवर्गातले, मिळाले तर पेंढाच जास्त पचतो. त्यासाठी वेगळी जमीन नको. भाताच्या बांधावर शेवरी, हादगा, गिरीपुष्प लावा. गिरीपुष्पाचा पाला जनावर आधी नाकारते. तो थोडा सुकवून पेंढ्यात मिसळावा म्हणजे सवय होते. भातानंतर ओलीवर वाल, हरभरा घेतो, त्याचा पाला आणि भुसा अनेक जण खळ्यावरच कुजू देतात. पेंढ्याच्या दुप्पट प्रथिने त्यात असतात. तो झाकून ठेवा आणि एप्रिलसाठी राखा. डोंगरावर नाचणी होते, तिचे काडही भाताच्या पेंढ्यापेक्षा पचायला बरे. ते वेगळे रचा, पेंढ्यात हरवू नका.

कोंडा घेताना बघून घ्या. साध्या हलर गिरणीच्या कोंड्यात तूस मिसळलेले असते, आणि तूस म्हणजे पुन्हा सिलिका. मुठीत दाबला तर चांगला कोंडा किंचित तेलकट लागतो, तुसाचा खरखरीत राहतो. मोठ्या जनावराला रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चमचाभर मीठ द्यावे. चिंध्या चघळणे त्याने कमी होते आणि माजावरही फरक दिसतो.

कडबाकुट्टी यंत्राने पेंढा बारीक केला तर तो जास्त पचतो, असा समज आहे. तसे नाही. कुट्टीने नासाडी थांबते, पाला-काडी एकत्र खाल्ली जाते, मिसळायला सोपे जाते. पण पेंढ्याची पचनीयता त्याने फारशी वाढत नाही. यंत्र घेणाऱ्याने हे समजून घ्यावे. नासाडी वाचवायची तर कुट्टी, पोसायचे तर नत्र.

आणि घरच्या घरी परीक्षा करायची तर शेण बघा. शेणात लांब लांब काड्या तशाच दिसत असतील, शेण घट्ट, थर पडलेले असेल, रवंथ मंद असेल, तर जंतू उपाशी आहेत असे समजा.

बियाणे घेताना पेंढाही विचारा

सोलापूरकडचा शेतकरी ज्वारीचे बी घेताना दाणा विचारतो तसा कडबाही विचारतो. मोहोळच्या मालदांडी ज्वारीला इतकी वर्षे मागणी आहे ती नुसत्या भाकरीसाठी नाही, तिच्या कडब्यासाठीही. हैदराबादच्या कडबाबाजारात शास्त्रज्ञांनी नमुने तपासले, तेव्हा ज्या कडब्याला गिऱ्हाईक जास्त भाव देत होते तोच जास्त पचणारा निघाला. शेतकऱ्याच्या डोळ्याला पचनीयता कळते, शब्द माहीत नसला तरी.

आपण कोकणात भाताचे बी घेताना क्विंटल किती, दाणा बारीक की जाड, हळवे की गरवे, इतकेच विचारतो. पेंढा कसा, हे नाही. जुनी माणसे सांगतात की गावठी भाताचा पेंढा ढोरे ओढून खातात. कर्जतचे संशोधन केंद्र आणि दापोलीचे विद्यापीठ आपल्यासाठीच आहे. शिवारफेरीला, मेळाव्याला जाल तेव्हा उभे राहून विचारा: "या जातीचा पेंढा जनावर कसे खाते? त्यात प्रथिने किती?" शेतकऱ्याने विचारल्याशिवाय ते कोष्टकात येणार नाही.

गावाने काय करायचे?

आता सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि आमच्यासारखे कर्मचारी यांच्यासाठी दोन शब्द. वैरणीच्या बैठका आपण मेमध्ये घेतो, टंचाईच्या यादीबरोबर. तेव्हा करण्यासारखे काही उरलेले नसते. वैरणीची ग्रामसभा भादव्यात झाली पाहिजे. तिथे तीन गोष्टी ठरवाव्यात. फुलोऱ्यातले गवत कापायला कोणत्या वाडीने कोणते चार दिवस इर्जिक करायची. वणवा लागू नये म्हणून जाळरेषा कोण काढणार आणि राखण कोण करणार. आणि पेंढा मुरवण्याचे प्रात्यक्षिक जानेवारीत, दुभती जनावरे असलेल्या घरीच ठेवायचे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी फोटो काढा, पण दुसरा फोटो २८ दिवसांनी, ढीग उघडताना काढा. तिसरा म्हैस तो खाताना काढा. तोपर्यंत प्रात्यक्षिक झाले असे कागदावर लिहू नका.

दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर माणसे जमतात. १९४३ साली त्याच दिवशी पहाटे तिथल्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. आझाद दस्त्याच्या लढ्यासाठी आपण भाई कोतवालांना ओळखतो. पण त्याआधी त्यांनी या भागातल्या गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या सुरू केल्या होत्या, हे तितके आठवत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर घरातले धान्य संपले की माणूस सावकाराच्या दारात जायचा. सुगीला कोठीत भर, अडचणीला कोठीतून ने, असा तो साधा विचार होता.

ढोरांचेही तसेच आहे. त्यांची सुगी फुलोऱ्यात असते आणि अडचण मेमध्ये. मधल्या काळासाठी गावाची वैरणकोठी हवी. त्यासाठी मोठी इमारत नको. उंच जोत्यावर पत्र्याची एक शेड, आत फुलोऱ्यातले वाळके गवत, कडेला मुरवलेल्या पेंढ्याचा ढीग, आणि कोणाचे किती याची वही. ज्याने जितके भरले तितके त्याने उन्हाळ्यात न्यावे. ज्या बाईकडे एकच म्हैस आहे आणि कापायला माणूस नाही, तिच्यासाठी गावाने चार भारे जास्त भरावेत.

येत्या २ जानेवारीला सिद्धगडावर जाल तेव्हा हुतात्म्यांना फूल वाहा आणि येताना आपल्या उडवीकडे एकदा नीट बघा. पेंढा ताजा असेल, ओढ्याला पाणी असेल. ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी, १०० किलो पेंढा. त्याच आठवड्यात ढीग लावला तर म्हशाच्या जत्रेत नेलेला बैल पुढच्या जूनमध्येही तुमच्याच दावणीला उभा राहील, आणि चिखलणीत तोंडाला फेस न येता काम करील.